आमची वाटचाल : पेशींच्या प्रतिमा आणि त्यांतले आकडे

प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या सूक्ष्मदर्शकातून टिपलेल्या प्रतिमांवरून पेशींची संख्या, त्यांनी व्यापलेले क्षेत्र, केंद्रकांचे आकार आणि पेशींची हालचाल मोजून देणे, हा आमच्या छोट्या संस्थेचा व्यवसाय आहे. तो सुरू करताना जवळपास प्रत्येकाने आम्हाला एकच प्रश्न विचारला आणि तो अगदी रास्त होता : या कामाची चांगली सॉफ्टवेअर फुकट मिळत असताना तुम्हाला पैसे कोण देणार? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९८७ मध्ये ‘एनआयएच इमेज’ लिहिले, त्याचा वारसदार असलेले ‘इमेजजे’ १९९७ मध्ये आले, पुढे २००६ मध्ये ‘सेलप्रोफायलर’ आले, आणि यांतली शेवटची दोन आजही कोणालाही विनामूल्य वापरता येतात. त्यांच्या स्पर्धेत आणखी एक सॉफ्टवेअर उतरवण्याचा विचार आम्ही फार लवकर बाजूला ठेवला.

मी मूळची पेशीसंवर्धनातली आणि माझे भागीदार संगणक अभियंता. संवर्धन कक्षात पेशी मोजायच्या म्हणजे ट्रिप्सिन हे प्रथिने तोडणारे विकर घालून त्या तळापासून सुट्या करायच्या, मेलेल्या पेशींना निळे करणारे ट्रायपॅन ब्लू मिसळायचे आणि न्यूबाउर चेंबर या आखीव काचपट्टीच्या जाळीवर एकेक पेशी डोळ्यांनी मोजायची. एक मिलिमीटर बाजूच्या चौकोनावर ०.१ मिलिमीटर खोलीचा द्रव असतो, म्हणून चौकोनातील सरासरी संख्येला १०,००० ने आणि सौम्यीकरणाच्या पटीने गुणले की एका मिलिलिटरमधील पेशी मिळतात. पद्धत साधी आणि भरवशाची आहे, पण तिच्यात पेशी सुट्या कराव्या लागतात. ज्या पेशींवर औषधाचा परिणाम उद्या आणि परवाही पाहायचा आहे, त्याच आज उखडून चालत नाही. पेशींना हात न लावता मोजण्याचा मार्ग प्रतिमेतून जातो, हे मला तिथेच पटले. शिवाय फ्लास्कमध्ये कॉन्फ्लुअन्सी (तळाचा पेशींनी व्यापलेला भाग) किती, या प्रश्नाला एकाने ७० टक्के आणि शेजारच्याने ८५ टक्के असे उत्तर देणे ही त्या कक्षातली रोजची गोष्ट असते, आणि त्या उत्तरावरच पुढचा पॅसेज (पेशी विरळ करून नव्या भांड्यात हलवणे) कधी करायचा हे ठरते.

सुरुवातीची बहुतेक कामे केंद्रके मोजण्याची होती. डॅपी किंवा होएस्ट या रंगद्रव्याने डीएनए रंगवला की काळ्या पार्श्वभूमीवर निळी केंद्रके उठून दिसतात, आणि अशा प्रतिमेत उजेड कुठे संपतो व अंधार कुठे सुरू होतो हे ठरवायला ओत्सु यांची १९७९ ची पद्धत अजूनही पुष्कळदा पुरते. अडचण येते ती एकमेकांना चिकटलेल्या केंद्रकांची. ती वेगळी करण्यासाठी ‘वॉटरशेड’ पद्धत वापरतात, पण घेवड्याच्या दाण्यासारखे मध्ये किंचित दबलेले एकच केंद्रक ती खुशाल दोन म्हणून मोजते, आणि ते टाळण्यासाठी प्रतिमा जास्त गुळगुळीत केली तर खरोखरच्या दोन केंद्रकांचे एक होते. कुठे थांबायचे हे पेशींच्या प्रकारानुसार बदलते. यकृताच्या पेशींमध्ये दोन केंद्रके असणे स्वाभाविक असल्यामुळे तिथे केंद्रकांची संख्या म्हणजे पेशींची संख्या नव्हे, हेही आधी ठाऊक असावे लागते. ही गोष्ट सॉफ्टवेअर सांगत नाही.

मात्र व्यवसायाला वळण दिले ते प्रकाशाने. एका संशोधन गटाच्या ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटवरील प्रतिमांमध्ये प्रत्येक वेलच्या मध्यभागी पेशी दाट आणि कडेला विरळ असल्याचे आकडे येत होते, आणि हा औषधाचा परिणाम असावा अशी त्यांची समजूत होती. आम्ही त्यांच्याकडून पेशी नसलेल्या, केवळ रंगद्रव्य मिसळलेल्या द्रवाच्या वेलची प्रतिमा मागवली. तीही मध्यभागी उजळ आणि कोपऱ्यांत मंद होती. म्हणजे कोपऱ्यातली केंद्रके जागेवरच होती, पण दिव्याचा उजेड तिथे कमी पोहोचत असल्यामुळे ती सीमामूल्याच्या, म्हणजे केंद्रक धरण्यासाठी ठरवलेल्या किमान उजेडाच्या, खाली जाऊन गणतीतून गळत होती. मूळ प्रतिमेला या रिकाम्या प्रतिमेने भागून उजेड समतल केल्यावर कडेचा विरळपणा जवळजवळ नाहीसा झाला. रंग न लावता पेशी पाहण्याच्या फेज कॉन्ट्रास्ट पद्धतीत तर वेलमधील द्रवाचा वक्र पृष्ठभागच भिंगासारखा वागतो आणि कडेच्या भागातला कॉन्ट्रास्ट बिघडवतो. तिथे गणिताने फारसे काही सुधारत नाही, तो भाग मोजणीतून वगळणेच शहाणपणाचे.

तेव्हापासून आम्ही काम प्रतिमा हातात आल्यावर नव्हे, तर त्या टिपण्याआधी सुरू करतो. एक्स्पोजर (प्रकाश टिपण्याचा कालावधी) संपूर्ण प्लेटसाठी एकच ठेवले आहे का, एका पिक्सेलची लांबी किती मायक्रोमीटर आहे, फाइल कॅमेऱ्याच्या मूळ स्वरूपात आहे का, हे लेखी विचारतो. १२ बिटच्या कॅमेऱ्यात उजेडाच्या ४,०९६ पायऱ्या असतात, त्याच प्रतिमेची जेपेग केली की २५६ उरतात आणि वर संकोचनाचे चौकोनी डाग पडतात. सादरीकरणातून कापून काढलेल्या, स्केल बार (लांबी दाखवणारी रेघ) कोरलेल्या प्रतिमांवरून चमक मोजून मागणारी कामे आम्ही नाकारतो. त्यामुळे काही ग्राहक गेले आणि सुरुवातीच्या काळात ते जाणवलेही.

२०१५ मध्ये फ्रायबुर्गच्या संशोधकांनी ‘यू-नेट’ ही उदाहरणांवरून सीमा आखायला शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कची रचना मांडली, आणि काही वर्षांनी ‘सेलपोज’सारखी आधीच शिकवलेली तयार प्रारूपे आली. रंग न लावलेल्या, कडेला उजळ वलय असलेल्या फेज कॉन्ट्रास्टमधील पेशींच्या सीमा आखणे पूर्वी अत्यंत कटकटीचे होते, ते काम या प्रारूपांनी खूपच सोपे केले. आमच्या भागीदारांनी निगुतीने जुळवलेल्या कितीतरी आज्ञावली त्यामुळे अडगळीत गेल्या. धंदा बसेल अशी भीती होती, प्रत्यक्षात तपासणीचे काम वाढले. प्रारूप मेलेली, गोल होऊन तरंगणारी पेशी आणि विभाजनासाठी गोल झालेली जिवंत पेशी या दोन्हींना सारख्याच आत्मविश्वासाने सीमा आखून देते. म्हणून प्रत्येक नव्या पेशीप्रकारासाठी आमच्याकडे दोन व्यक्ती एकमेकींचे काम न पाहता काही प्रतिमांवर हाताने सीमा आखतात. त्या दोघींमध्येच जिथे एकमत होत नाही, तिथे प्रारूपाकडून अधिक अचूकतेची अपेक्षा आम्ही ग्राहकाला दाखवत नाही.

एका मुद्द्यावर आमचे ग्राहकांशी अजूनही वाद होतात. एका वेलमध्ये ३,००० पेशी मोजल्या म्हणजे ३,००० स्वतंत्र निरीक्षणे झाली, असे मानले की अगदी क्षुल्लक फरकही संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरतो. त्या सर्व पेशी एकाच द्रवात, एकाच दिवशी, एकाच हाताने वाढवलेल्या असतात. प्रयोगाची पुनरावृत्ती म्हणजे नव्याने केलेले संवर्धन. आमच्या अहवालात त्यामुळे प्रत्येक पेशीचे आकडे असले तरी तुलना स्वतंत्र संवर्धनांच्या सरासरींमध्येच केलेली असते.

सध्या आमचा बराच वेळ सलग चित्रीकरणाच्या कामांत जातो. पेशींच्या थरावर ओरखडा काढून ती फट किती वेगाने भरते हे पाहायचे, किंवा एकेका पेशीचा माग काढायचा. दोन प्रतिमांमधील वेळेचे अंतर जास्त ठेवले तर जवळून गेलेल्या दोन पेशींची अदलाबदल होते; कमी ठेवले तर वारंवार पडणाऱ्या प्रकाशाने, विशेषतः निळ्या आणि अतिनील प्रकाशाने, पेशींनाच इजा होते. हे अंतर आम्ही आधी प्रकाश न दिलेल्या वेलशी तुलना करून ठरवतो, आणि आकारणी प्रतिमांच्या संख्येवर न करता अशा पूर्वतयारीवर करतो. अहवालासोबत प्रत्येक मूळ प्रतिमेवर आखलेल्या सीमा जशाच्या तशा दिलेल्या असतात, म्हणजे ज्याला शंका असेल त्याला आम्ही कोणती पेशी धरली आणि कोणती सोडली हे स्वतः पाहता येते.