फ्लॅटचं अ‍ॅग्रीमेंट आणि त्यातलं "शाल नॉट बी कन्स्ट्रूड" : माझा अनुभव

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घ्यायचं ठरलं आणि बिल्डरच्या ऑफिसमधून अ‍ॅग्रीमेंटचा ड्राफ्ट मेलवर आला, सगळा इंग्रजीत, सोबत निरोप की मॅडम स्टँडर्ड आहे, सगळे असंच सही करतात. मी मराठी मिडियमची, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, रोजच्या कामापुरतं इंग्रजी व्यवस्थित येतं. पण या ड्राफ्टमध्ये थोड्या थोड्या अंतराने अशी वाक्यं यायची जी काही देत पण नाहीत आणि मागत पण नाहीत, फक्त बजावतात की अमक्याचा अर्थ तमुक असा घेऊ नये. शाल नॉट बी कन्स्ट्रूड अ‍ॅज, शाल नॉट बी डीम्ड टू बी, इज नॉट इन्टेंडेड टू बी. बहुतेक जण हीच वाक्यं सोडून पुढे रक्कम, तारीख, एरिया बघतात. माझं मत आता असं आहे की सही करायच्या आधी सगळ्यात नीट वाचायची तर हीच.

असं पहिलं वाक्य खरं तर बँकेच्या पत्रात भेटलं होतं. इन-प्रिन्सिपल लेटर, म्हणजे कर्ज द्यायला प्राथमिक तयारी दाखवणारं पत्र आलं, नवरा खुश, म्हणाला झालं लोन, आता पैसे भरून टाकू. खाली बारीक अक्षरात होतं की हे पत्र शुड नॉट बी कन्स्ट्रूड अ‍ॅज अ कमिटमेंट. म्हणजे तुमचा पगार बघून आम्हाला ठीक वाटतंय एवढंच, प्रॉपर्टीचे कागद, लीगल रिपोर्ट, व्हॅल्युएशन सगळं अजून व्हायचंय, कर्ज मंजूर झालं असं कोणी धरून चालू नये. एवढं कळल्यावर आम्ही टोकनच्या पुढे एक रुपया दिला नाही, आणि तसंही रेरा कायद्याच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या, कलम 13 प्रमाणे अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर व्हायच्या आधी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांवर रक्कम घेताच येत नाही, ते तर प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

मग ड्राफ्ट घेऊन ओळखीच्या वकील काकांकडे गेले, सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या बाजूला बसतात ते. मी विचारलं, काका, हे सगळं असं आडून का लिहितात, सरळ 'तुम्ही असं समजू नका' का नाही लिहीत? ते म्हणाले, "अगं, तू एकटी थोडीच वाचणार आहेस हे. उद्या तू फ्लॅट विकलास तर घेणारा वाचेल, बँक वाचेल, सोसायटी वाचेल, आणि भांडण झालंच तर जज वाचतील. 'यू' लिहिलं तर ते तुझ्यापुरतं, कर्ता काढून टाकला की जो कोणी वाचेल त्याला लागू." शिवाय समोरच्याला तोंडावर 'तू चुकीचं समजशील' म्हणायची वेळ येत नाही, तेही एक आहेच. पण कर्ता गायब झाला की वाचणाऱ्याला वाटतं हे आपल्याबद्दल नाहीच. म्हणून त्यांनी मला सांगितलं की असं वाक्य आलं की पेन्सिलने बाजूला लिहायचं: कोण समजेल, काय समजेल, आणि तसं नाही समजलं तर फायदा कोणाचा. मी रात्री बसून अख्ख्या ड्राफ्टवर हे केलं.

एका कलमाने तर झोपच उडाली होती. नथिंग कन्टेन्ड इन धिस अ‍ॅग्रीमेंट इज इन्टेंडेड टू बी नॉर शाल बी कन्स्ट्रूड अ‍ॅज अ ग्रँट, डिमाइज ऑर असाइनमेंट. एवढे पैसे मोजायचे आणि हेच म्हणतंय की यातून काही दिलं असं धरू नये? काका शांतपणे म्हणाले, हे बिल्डरच्या मनातलं नाही, महारेराच्या, म्हणजे राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या, नमुना करारातच आहे, राज्यात सगळीकडे मिळेल. पेन्सिलचे प्रश्न लावले. कोण समजेल, तर मी. काय समजेल, तर या कागदाने जमीन आणि बिल्डिंगची मालकी आत्ताच माझ्या नावावर झाली. पण तसं नसतं, फ्लॅट मिळायचा हक्क करारातून येतो, पण जमीन आणि इमारत पुढे कन्व्हेयन्सने, म्हणजे मालकी हस्तांतराच्या वेगळ्या दस्ताने, सोसायटीच्या नावावर जाते. आणि बिल्डरने ते केलं नाही तर मोफा 1963, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकीच्या कायद्याखाली, सोसायटीला जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून डीम्ड कन्व्हेयन्स घेता येतं, मराठीत मानीव अभिहस्तांतरण. तिथे हाच साचा उलटा चालतो, बिल्डरने करून दिलं नसलं तरी दिलंय असं कायदा धरतो. राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये पण आहे ना, कृपाण बाळगणं हे शीख धर्म पाळण्यातच येतं असं मानलं जाईल, तिथेही डीम्डच.

दुसरं कलम मात्र खरंच एकतर्फी होतं. बिल्डरने उशीर सहन केला, मुदत दिली, सवलत दिली तरी ते शाल नॉट बी कन्स्ट्रूड अ‍ॅज अ वेव्हर. साध्या भाषेत, एकदा चालवून घेतलं म्हणजे कायम चालवून घेऊ असं नाही. समजा माझा हप्ता दोनदा लेट झाला आणि त्यांनी व्याज लावलं नाही, तर तिसऱ्यांदा मी मागचा दाखला देऊ शकत नाही. ठीक आहे, व्यवहारात ते असणारच. पण त्यांना पझेशनला उशीर झाला आणि मी चार महिने गप्प बसले तर माझा हक्क गेला का? कलमात फक्त 'प्रमोटर', म्हणजे बिल्डर, लिहिलेलं. उशिराच्या व्याजाचा दर रेरामध्ये दोन्ही बाजूंना सारखाच आहे, मग चालवून घेण्याचं संरक्षण एकालाच का, हे मी मेलवर विचारलं. ऑफिसमधल्या माणसाने आधी फोनवर टाळलं, मॅडम फॉरमॅट बदलत नाही वगैरे, मी म्हटलं हे मेलवर लिहून द्या. शेवटी कलम तसंच राहिलं पण खाली एक ओळ वाढवून मिळाली की हेच अलॉटीलाही, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्यालाही, लागू राहील.

ब्रोशरवर पण असंच वाक्य होतं, चित्रं कल्पनाचित्रं आहेत, नॉट टू बी कन्स्ट्रूड अ‍ॅज अ‍ॅन ऑफर. ते वाचून घाबरायचं नाही, कारण जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कोणाचं नुकसान झालं तर रेराच्या कलम 12 प्रमाणे प्रमोटर जबाबदार असतो, खाली एक ओळ छापली म्हणून त्यातून सुटका नाही. तरी मी ब्रोशर जपून ठेवलं आणि त्यातलं जे जे पाहिजे होतं, कव्हर्ड पार्किंग, सोलर, लिफ्टचा बॅकअप, ते एकेक करून अ‍ॅग्रीमेंटच्या शेड्यूलमध्ये (परिशिष्टात) लिहून घेतलं, कार्पेट एरियाच्या खालोखाल. लिफ्टच्या बॅकअपवर जरा ओढाताण झाली, ते पण आलं. मग सब-रजिस्ट्रार ऑफिसला तारीख घेतली.