तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा मोठा कॅमेरा असताना खिशात हा छोटा कामून?

लग्नात स्टेजवरून खाली उतरलो की कुणी ना कुणी विचारतंच. गळ्यात सोनीचा ए७ फोर, त्याला २४-७० ची लेन्स (हे आकडे मिलिमीटरचे, लहान आकडा म्हणजे रुंद दृश्य, मोठा म्हणजे लांबचं जवळ), आणि जेवणाच्या वेळी पँटच्या खिशातून निघतो रिकोचा जीआर थ्री, तळहाताएवढा, काळा, बघणाऱ्याला वाटतं कुठला तरी जुना डिजिटल कॅमेरा कपाटातून काढलाय. मग "दादा, एवढा मोठा असताना हे कामून घेतलं?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "दोन्हीत भारी कोणता?" पंगतीत बसून हे धड सांगता येत नाही, तेवढ्यात नवरदेवाचा मामा फोटोला बोलावतो, म्हणून इथं बसून लिहितोय.

आधी मोठ्याचं. माझं पोट त्याच्यावर चालतं आणि त्या कामात त्याला तोड नाही. अंतरपाट खाली जातो तो क्षण घ्या. वर अक्षता उडायलेत, वाजंत्री सुरू, चार मोबाईलवाले मधे हात घालायलेत, आणि नवरीची नजर वर येते ती अर्ध्या सेकंदासाठी. तिथं ए७ फोर डोळा पकडून ठेवतो, मधून कुणाचं डोकं गेलं तरी परत त्याच डोळ्यावर येतो, सेकंदाला १० पर्यंत फोटो काढतो आणि प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहितो. दोन कार्डांची किंमत बाहेरच्याला कळत नाही. एखादं कार्ड मधेच बसलं तर त्या घराला काय तोंड दाखवायचं? जीआर थ्रीला एकच कार्ड आहे, आणि मंगल कार्यालयाच्या मिणमिणत्या कोपऱ्यात पळत्या लेकरावर फोकस लावायला गेलं की तो चाचपडत बसतो. बॅटरी तर विचारूच नका, कंपनीच्याच हिशोबानं साधारण २०० फोटो, मोठ्याची ५०० च्या वर. त्यामुळे लग्नाची ऑर्डर छोट्यावर घ्यायची का असं विचारणाऱ्या नवीन पोरांना मी सरळ नाही म्हणतो.

आता सेन्सरचं, म्हणजे आत उजेड टिपणाऱ्या तुकड्याचं, कारण सगळ्यांना वाटतं खरा फरक तिथंच आहे. मोठ्याचा फुल फ्रेम, ३६ बाय २४ मिलिमीटर. जीआर थ्रीचा एपीएस-सी, साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे क्षेत्रफळात मोठा सव्वादोन पटीच्या थोडा वर, उजेडाच्या हिशोबात एक स्टॉप, म्हणजे दुप्पट उजेड, आणि वर थोडं. एवढंच! वजन बघा आता. ए७ फोर बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, सोनीची दुसऱ्या पिढीची २४-७० जीएम (त्यांची भारीतली मालिका) लेन्स ६९५ ग्रॅम, झालं साडेतेराशे. जीआर थ्री सगळं धरून २५७ ग्रॅम. पाचव्या हिश्श्याच्या वजनात एवढा मोठा सेन्सर बसवलाय ही मला अजूनही नवलाची गोष्ट वाटते. खिशातल्या बाकीच्या कॅमेऱ्यांचं तसं नसतं हां, सोनीच्या आरएक्स१०० मालिकेत एक इंची सेन्सर असतो, १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, तो फुल फ्रेमपेक्षा सात पटीहून लहान, पण त्यातल्या सातव्या मॉडेलला २४ ते २०० चा झूम मिळतो, जीआरला झूमच नाही. २८ ची एकच लेन्स, एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आणि मागचं धूसर), ती पण बदलता येत नाही.

म्हणून "मागचं ब्लर पाहिजे" म्हणणाऱ्यांनी छोट्याच्या नादी लागूच नये. ८५ ची एफ १.८ लेन्स मोठ्याला लावली की नवरीच्या मागचा मंडप लोण्यासारखा वितळतो, जीआरवर मागचा केटरर, खुर्च्या, कूलर सगळं स्वच्छ दिसणार. जायकवाडीच्या पाण्यावर हिवाळ्यात पक्षी बघायला जाणाऱ्यांनाही तेच, तिथं ६०० पर्यंतची लेन्स लागते, २८ मध्ये फ्लेमिंगो म्हणजे पांढरा ठिपका.

अजिंठ्याला मात्र छोट्यानं मला चकित केलं. तिथं फ्लॅश चालत नाही आणि ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, दोन्ही नियम रास्त आहेत, चित्रं आधीच नाजूक. लेणी क्रमांक १ मध्ये बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर उभं राहिलात की डोळ्यालाच सरावायला वेळ लागतो इतका उजेड कमी. पण भिंत काही हलत नाही ना! जीआरच्या आतच स्टॅबिलायझेशन आहे, म्हणजे हाताचा कंप तो सावरून घेतो, श्वास धरून एक अष्टमांश सेकंदाचा शटर हातात सहज निघतो, आणि पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ, मुकुटावरचं बारीक काम, उडालेल्या रंगाखालचा गिलावा असं सगळं येतं. मोठ्यावर एफ १.४ ची लेन्स लावून घेतलेला फोटो सावलीत जास्त स्वच्छ असतो हे खरंच, मोठी प्रिंट काढायची तर मी तोच वापरीन. बरं, याच भिंतींसाठी १८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल आला, वर्षानुवर्षं बसून तैलरंगात नकला केल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर त्यानं लेण्यांचे फोटोही काढले, ते १८६४ मध्ये पुस्तकात छापले गेले. त्या काळचा कॅमेरा म्हणजे पेटारा, स्टँड, काचा, हे सगळं वाघूर नदीच्या दरीत न्यायचं. मी त्या वाटेनं खिशात हात घालून जातो तेव्हा त्या माणसाची आठवण येतेच.

पण अजिंठ्यासाठी मी छोटा घेतला नाही. घेतला तो बाजारासाठी.

आमच्याकडं हाळी-हंडरगुळीचा जनावरांचा बाजार भरतो, उदगीर तालुक्यात. देवणी आणि लाल कंधारी, दोन्ही आपल्याच मातीतल्या जाती. तिथं सौदा तोंडानं होत नाही. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि शेतकरी समोरासमोर उभे राहतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव चालतो. भोवती दहा माणसं उभी, कुणालाच आकडा कळत नाही. विकणाऱ्याचा चेहरा तुम्ही जवळून बघितलाय का? बोट दाबलं गेलं की भुवई जरा हलते, मान आडवी जाते, मग नुसती नजर बैलाकडं, ज्याला त्यानं वासरापासून वाढवलं. मला तो चेहरा आणि तो रुमाल एका चौकटीत पाहिजे होता.

मोठा कॅमेरा घेऊन गेलो की हे सगळं थांबतं. पन्नास फुटांवरूनच कुणीतरी ओरडतं, "चॅनलवाले आले बघा". रुमाल खाली येतो, टोप्या नीट होतात, पोरं पुढं येऊन उभी राहतात. लांबून ७०-२०० नं घेता येतं की, घेतलेत मी, पण त्या फोटोत माणसं कुणीतरी चोरून बघितल्यासारखी येतात. जीआरवर फोकस एका अंतरावर आधीच बांधून ठेवता येतो, स्नॅप फोकस म्हणतात त्याला. २ मीटर लावायचं, एफ ८ ठेवायचा, की साधारण एका मीटरपासून पुढचं जवळपास सगळं शार्प, बटण दाबलं की फोटो, कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. शटरचा आवाज बैलाच्या घुंगरापुढं ऐकू येत नाही.

लपून काढायला सोपा म्हणून छोटा, असं कुणाला वाटत असेल तर तसं नाही. २८ च्या लेन्सनं लपता येतच नाही. माणूस चौकटीत मोठा यायचा तर त्याच्या हाताच्या अंतरावर उभं राहावं लागतं, आणि तिथं गेलात की "राम राम मामा" म्हणावंच लागतं, कुठल्या गावचे, बैल किती दाताचा, पाऊस कसा झाला हे बोलणं होतंच, मग कॅमेरा दाखवून विचारायचं, घेऊ का एक? बहुतेक जण त्या डबीकडं बघून म्हणतात, घे की, आणि परत आपल्या सौद्यात गुंततात. कुणी नको म्हणालं तर खिशात. पुढच्या खेपेला मी प्रिंट नेऊन देतो, मॅट कागदावर, तिथं बाजारातच.

आणि एक गोष्ट जी कुठल्याही रिव्ह्यूत नसते. अतिवृष्टीनंतर आमच्या भागात मोठा कॅमेरा घेऊन बांधावर उभं राहून बघा. पाच मिनिटांत माणसं गोळा होतात, कुणी सडलेलं सोयाबीन उपटून हातात देतं, कुणी वाहून गेलेला बांध दाखवायला नेतं, एखादी माय म्हणते, "साहेब, आमचं बी लिहून घ्या". त्यांना वाटतं पंचनाम्याला आलोय, नाहीतर टीव्हीवर दाखवणार. गळ्यात तसला कॅमेरा असला की त्या माणसांना मदतीची आशा लागते, आणि मी तर लग्नाचे फोटो काढणारा माणूस, माझ्या हातात देण्यासारखं काहीच नसतं. छोट्या कॅमेऱ्यानं ती आशा लागत नाही. तिथं मी ओळखीच्या गावचा पोरगा म्हणून उभा राहतो, बोलतो, ऐकून घेतो, फोटो निघाला तर निघाला. माझ्यासाठी दोन कॅमेऱ्यांतला सगळ्यात मोठा फरक हाच आहे, सेन्सर वगैरे नंतर.

छोट्याचे दोष पण ऐका, नाहीतर मला शिव्या घालाल. डोळा लावायला व्ह्यूफाइंडर नाही, आमच्या एप्रिल-मेच्या उन्हात मागची स्क्रीन काळी ठिक्कर दिसते, अंदाजानं चौकट धरावी लागते. आणि धूळ. जीआर थ्री धूळ-पाण्यापासून सील केलेला नाही, चालू केला की लेन्सची नळी बाहेर येते, बंद केला की आत जाते आणि जाताना धूळ घेऊन जाते. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर भंडारा. येळकोट येळकोट सुरू झालं की हवाच पिवळी होते, आणि तो पिवळा कण एकदा आत सेन्सरवर बसला की आभाळ असलेल्या प्रत्येक फोटोत एक डाग. मोठ्याची लेन्स काढून ब्लोअरनं सेन्सर घरी साफ होतो, छोट्यात चिकटलेला कण तो पूर्ण खोलल्याशिवाय सहसा निघत नाही. म्हणून भंडारा उधळायची वेळ आली की छोटा झिप लावलेल्या पिशवीत आणि मोठा बाहेर, लेन्स मात्र तिथं अजिबात बदलायची नाही, गाडीतूनच लावून निघायचं.

"मग मोबाईल काय वाईट?" हे पण विचारतात. मोबाईल वाईट नाही, खिशातल्या कॅमेऱ्यांचा धंदा त्यानंच बसवला. २०१० साली जगभरात बारा कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे बाहेर पडले होते, बहुतेक असलेच छोटे, आज त्याचा लहानसा तुकडा उरलाय. घरच्या आठवणींसाठी तुमचा फोन पुरत असेल तर पैसे खर्चू नका. माझी अडचण अशी की फोन हातात धरला की माणसं रील समजून बघतात, मधेच फोन येतो, आणि चुलीपुढच्या अंधारात भाकरी थापणाऱ्या आईचा चेहरा फोन आपल्या मनानं उजळ करून टाकतो. जीआरच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं काहीच न सजवलेल्या फोटोत, तो अंधार अंधार राहतो आणि जाळाचा उजेड फक्त गालावर.

तर घ्यायचं काय? धंदा करणार असाल तर मोठा, दोन कार्डांचाच बघा, आणि बॉडीवर, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्यावर, पैसे उडवण्याआधी लेन्सचा विचार करा, जुनी बॉडी आणि चांगली लेन्स ही जोडी नवी बॉडी आणि तिच्यासोबत मिळणाऱ्या साध्या किट लेन्सपेक्षा कधीही बरी. फिरायला, घरच्यांसाठी, झूम पाहिजे, तर एक इंची सेन्सरचा छोटा. माणसांच्या जवळ जायची आवड असेल आणि झूमवाचून चालत असेल तर जीआर, त्यातला थ्रीएक्स पण बघा, त्याची लेन्स ४० ची आहे, २८ ज्यांना फार रुंद वाटते त्यांना ती बरी पडते. सेकंडहँड घेणार असाल तर पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ १६ वर काढून मोठा करून बघा, आत धूळ असेल तर तिथंच दिसते, आणि दोन जादा बॅटऱ्या त्याच दिवशी घ्या.