खेकड्याजवळचा काळा डाग

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनचा तो कृष्णधवल फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असणार. उंच खिडक्यांतून तिरपे उतरलेले उन्हाचे जाडजूड झोत, आणि खाली मुंग्यांएवढी माणसं. मला तसाच्या तसा हवा होता. म्हणून सकाळी आठलाच जाऊन उभा राहिलो. साडेनऊ वाजले तरी झोतांचा पत्ता नाही. सोबतची भाची शेवटी कंटाळून म्हणाली, "मामा, ते ऊन पणजोबांच्या वेळचं आहे. आता बाहेर चहूबाजूंनी टॉवर उभे राहिलेत. येणार कुठून?"

झालं. मग कॅमेरा गळ्यात अडकवून नुसताच फिरत राहिलो.

खरं तर मला उन्हापेक्षा वेगळंच काहीतरी टिपायचं होतं. ही इमारत पाडता पाडता राहिली, हे फोटोत यायला हवं होतं. पण ते येणार कसं? अपघातातून वाचलेल्या माणसाच्या कपाळाला निदान पट्टी तरी असते. वाचलेली इमारत मात्र काही झालंच नसल्यासारखी उभी असते. संगमरवरी जिना जिन्यासारखा, चौकशीच्या खिडकीवरचं चार तोंडांचं घड्याळ घड्याळासारखं. लोक त्याच्याखाली एकमेकांची वाट बघतायत आणि उशीर झाला म्हणून चिडतायत. (इथल्या गाड्या फलकावरच्या वेळेपेक्षा एक मिनिट उशिरा सोडतात म्हणे, धावत येणाऱ्यांसाठी. हा चांगुलपणासुद्धा फोटोत येत नाही.)

ग्रँड सेंट्रल १९१३ मध्ये सुरू झालं. त्याच शहरात तितकंच देखणं पेन स्टेशन १९१० पासून उभं होतं. ते १९६३ मध्ये पाडायला घेतलं आणि त्याचा राडारोडा, कोरीव खांबांसकट, पलीकडे न्यू जर्सीच्या दलदलीत नेऊन टाकला. तेव्हा कुठे शहराला जाग आली. १९६५ मध्ये वारसा जपण्याचा कायदा झाला, १९६७ मध्ये ग्रँड सेंट्रलला त्याचं संरक्षण मिळालं. तरी पुढच्याच वर्षी मालक रेल्वे कंपनी स्टेशनच्या डोक्यावर ५५ मजली टॉवर चढवायचा आराखडा घेऊन आली. दुसऱ्या एका आराखड्यात तर पुढचा दर्शनी भागच पाडायचा होता. शहरानं नकार दिला, कंपनी कोर्टात गेली, आणि १९७५ मध्ये पहिली फेरी जिंकलीसुद्धा. मग दिवंगत राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पत्नी जॅकलिन केनेडी ओनासिस यांच्यासारखी माणसं पुढे आली. जॅकलिनबाईंनी महापौरांना पत्र लिहिलं, पत्रकार परिषदेला येऊन उभ्या राहिल्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २६ जून १९७८ रोजी ६ विरुद्ध ३ असा निकाल शहराच्या बाजूनं लागला. दोन न्यायमूर्ती पलीकडे झुकले असते, तर मी त्या सकाळी झोतांसाठी तिष्ठत उभा राहिलोच नसतो.

गंमत म्हणजे या स्टेशनातला उजेड एकदा फोटोनंच अडवला होता. पूर्वेकडच्या सज्जावर कोडॅक कंपनीचा ६० फूट रुंद आणि १८ फूट उंच रंगीत फोटो मागून दिवे लावून झळकत असे. फोटो बदलत, चौकट तीच. १९५० पासून १९९० पर्यंत, तब्बल ४० वर्षं! मागच्या खिडक्या झाकल्या गेल्या त्याचं कुणाला काय? आम्हा फोटोवाल्यांना हा टोमणा ऐकून घेणं भाग आहे.

मग मी मान वर केली. छत १२५ फुटांवर. हिरवट निळ्या आकाशात सोनेरी राशी आणि अडीच हजारांच्या आसपास तारे. त्यातही पूर्व-पश्चिमेची अदलाबदल झालेली. हे सगळं कित्येक वर्षं काजळलेलं होतं. १९९० च्या दशकात छत घासूनपुसून काढलं, १९९८ मध्ये काम पुरं झालं. पण वायव्येच्या कोपऱ्यात, कर्क राशीच्या खेकड्याजवळ, एक लहानसा चौकोनी तुकडा मुद्दाम तसाच ठेवला. काळाकुट्ट. आधी काय होतं ते कळावं म्हणून.

माझी पट्टी ती हीच!

जिन्याच्या कठड्यावर कोपर टेकवलं, श्वास रोखला, लेन्स पार टोकापर्यंत ताणली. पहिला फोटो हलला. दुसऱ्यात खेकडा आला, डाग राहिला. तिसऱ्या वेळी दोन्ही आले, पण दाणेदार, विटक्या कापडासारखे. मी पुन्हा मान वर करून धडपडत होतो, तेवढ्यात शेजारी सुटकेस घेतलेल्या एक आजीबाई थांबल्या. मी बघतोय तिकडे त्यांनीही वर बघितलं.

"काय आहे तिथं?" त्यांनी विचारलं.

"मळ," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा सावरला, नीट शोधला, आणि पर्समधून फोन काढला. त्यांच्यामागून येणारे दोघं-तिघंही थबकून वर बघू लागले. भाचीनं तेवढ्यात त्या सगळ्यांचा, माना वर केलेल्यांचा, माझ्यासकट एक फोटो काढला. त्या दिवसातला तो एकच बरा आलाय.