अक्ष कुठला?

(माजी विद्यार्थी, दहावी 1979)

माझ्या कपाटात सहा सेंटिमीटर लांब-रुंद असा एक कृष्णधवल फोटो आहे. त्यात माणूस एकही नाही. काळ्या दगडाची भिंत, तिच्यापुढे उभी केलेली लाकडी मीटरपट्टी आणि डावीकडून निघून खाली वाकत गेलेली पाण्याची पांढरी धार. आमच्या गणिताच्या सरांनी तो 1978 च्या दिवाळीआधी शाळेच्या मागच्या अंगणात काढला. स्मरणिकेसाठी आठवण लिहा असे पत्र आले तेव्हा स्नेहसंमेलन, सहली, बक्षिसे यांतले काहीच डोळ्यांपुढे आले नाही. ही धार आली.

सरांचे नाव लिहायची गरज नाही. ‘प्रमाण कुठाय?’ एवढे म्हटले की त्या वर्षांतल्या सगळ्यांना ते आठवतील. आलेख कागदाच्या उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलेले नसेल, अक्षांना नावे दिलेली नसतील, तर रेषा कितीही नेमकी आलेली असो, सर वही परत करत. ‘ही नुसती रेघ आहे. आडवं काय मोजलंस, उभं काय मोजलंस, ते सांग. मग त्याला आलेख म्हण.’ आम्ही तेव्हा फक्त सरळ रेषांचे आलेख काढत होतो. वाकडी रेषा परीक्षेला नव्हती.

बागेला पाणी घालताना एका मुलाने विचारले, ‘सर, नळीतून पडणाऱ्या धारेचा पण आलेख असतो का?’ उत्तर सरांनी लगेच दिले नाही. दुसऱ्या दिवशी ते घरून आपला आग्फा क्लिक थ्री घेऊन आले. त्या कॅमेऱ्यात एका रोलवर 12 फोटो निघत आणि ते सणासुदीला जपून वापरायचे. त्यांतले दोन सरांनी नळीच्या धारेवर खर्च केले. तेव्हा आम्हाला ते साधे वाटले. पुढे स्वतःच्या पगारातून रोल घ्यायला लागलो तेव्हा त्याची किंमत कळली.

पहिला फोटो चुकला, आणि चुकला म्हणूनच मला तो धडा आयुष्यभर पुरला. नळीचे तोंड टेबलावर आडवे बांधले होते. सर दहा फुटांवर, कॅमेरा धारेच्या बरोबर समोर. मीटरपट्टी आम्ही मागच्या भिंतीला टेकवून ठेवली, कारण ती तिथे आपोआप उभी राहत होती. दुसऱ्या फोटोच्या वेळी सर म्हणाले, ‘आता ती धारेच्याच रेषेत धर.’ का, ते सांगितले नाही. धार जमिनीवर जिथे पडत होती तिथे खडूने खूण केली आणि अंतर मोजून ठेवले : सव्वा मीटर.

रोल धुऊन यायला दोन आठवडे लागले. फोटोवर पातळ आलेख कागद ठेवून आम्ही मिलिमीटर मोजले. नळीच्या तोंडापासून आडवे 10 मिलिमीटर गेल्यावर धार 3 मिलिमीटर खाली आली होती. 20 वर 12. 30 वर 27. सरांनी फळ्यावर 3, 12, 27 लिहिले आणि प्रत्येकाला 3 ने भागायला सांगितले. 1, 4, 9. वर्गात क्षणभर कुणी बोलले नाही. ज्या बागेत रोज चिखल तुडवायचो तिथे वर्गसंख्या लपून बसल्या होत्या.

मग प्रमाण. पट्टी धारेच्या रेषेत असलेल्या फोटोत एक मीटर म्हणजे 24 मिलिमीटर येत होते. त्या हिशेबाने धार सव्वा मीटरवर पडत होती, खडूच्या खुणेशी जुळणारी. भिंतीला टेकवलेली पट्टी मात्र धारेच्या तीन फूट मागे गेल्यामुळे फोटोत साडेअठरा मिलिमीटरची झाली होती, आणि तिच्यावरून मोजले तर तीच धार एक मीटर बासष्ट सेंटिमीटरवर पडत होती. धार तीच, फोटोतला वक्र तोच, प्रमाण चुकल्यावर उत्तर खोटे. बरोबर प्रमाणाने सरांनी पुढचा हिशेबही करून दाखवला. धार 27 मिलिमीटर, म्हणजे साधारण 1.12 मीटर खाली आली. तेवढे पडायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात पाणी आडवे सव्वा मीटर गेले. म्हणजे नळीतून निघताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 2.6 मीटर. घड्याळ न लावता, फोटोवरून! या वक्राला मराठीत अन्वस्त म्हणतात, हे सरांनी सगळ्यात शेवटी सांगितले.

त्यानंतर आम्हाला वेडच लागले. जिथे तिथे अन्वस्त दिसायला लागले. मी धावत जाऊन सरांना सांगितले, ‘सर, ढोल्या गणपतीच्या मागच्या भिंतीचा पण आलेख आहे!’ वाईकरांना सांगायला नको, रास्त्यांनी बांधलेल्या त्या देवळाची पाठ माशासारखी निमुळती आहे. कृष्णेचा पूर आला की पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. सर मला घेऊन घाटावर आले. ‘सुंदर आहे. पण अक्ष कुठला? आडवं काय, उभं काय?’ मला सांगता येईना. ‘मग ही आकृती. आता इकडे बघ.’ आणि त्यांनी घाटाच्या एका पायरीवर सुतळी ताणून धरली.

पायरी मधोमध झिजलेली होती. सुतळीखाली काठाला बोटभरही फट नव्हती, मध्ये चांगली दोन बोटे होती. ‘आडवं म्हणजे पाय कुठे पडला. उभं म्हणजे किती पडले. हा आलेख कुणी काढला?’ मी म्हणालो, ‘लोकांनी.’ नंतर कितीतरी घाटांवर आणि गडांवर मी पायऱ्यांचे फोटो काढले. सकाळी किंवा तिरिपीच्या उन्हात काढावेत, खळगा सावलीत स्पष्ट उठतो. जिथे एका बाजूला कठडा असतो तिथे सगळ्यात खोल जागा मधोमध नसते, कठड्याकडे सरकलेली असते. म्हातारी माणसे कठडा धरून उतरतात. ज्यांची नावेही कुणाला ठाऊक नाहीत अशी शेकडो वर्षांची माणसे त्या वक्रात आहेत, आणि मला असा फोटो काढताना दर वेळी चप्पल काढावीशी वाटते.

पुढे मी वीज खात्यात लागलो. दोन खांबांमधली तार मध्ये जेवढी खाली येते त्याला आम्ही झोल म्हणतो. उन्हाळ्यात तार तापून लांबते, झोल वाढतो. थंडीत तार आखडते, ताण वाढतो. कामाच्या पहिल्या वर्षी झोलाचे सूत्र समोर आले : ताण तोच ठेवून खांबांतले अंतर दुप्पट केले तर झोल चौपट, तिप्पट केले तर नऊपट. 1, 4, 9. मी त्या दुपारी खांबाखाली उभा राहून शाळेची बाग पाहत होतो.

खरे तर तारेचा वक्र अगदी काटेकोर अन्वस्त नसतो. गॅलिलिओने 1638 मध्ये लोंबती साखळी अन्वस्ताच्या जवळपास असते असे लिहिले. 1691 मध्ये हायगेन्स, लायब्निझ आणि योहान बर्नुली यांनी तिचा खरा वक्र शोधून काढला. त्याला कॅटिनरी म्हणतात, लॅटिनमधल्या साखळीवरून. खांबांवरच्या ताठ तारेत हा फरक डोळ्यांना दिसत नाही. दसऱ्याला झेंडूचे तोरण भरपूर सैल बांधा आणि बरोबर समोरून फोटो घ्या, तिथे दिसतो : अन्वस्त त्याच्यावर बसवायला गेलात तर तळाशी नाहीतर कडांना सुटतो.

आता सगळ्यांच्या खिशात कॅमेरा आहे, आणि त्याने एक असा अक्ष आणला आहे जो सरांच्या कॅमेऱ्यात आम्ही कधी पाहिला नव्हता. नातवाने एसटीच्या खिडकीतून फोन आडवा धरून फोटो काढला. विजेचे सगळे खांब तिरके! तो म्हणाला, ‘आजोबा, तुमचे खांब पडायला आलेत.’ खांब सरळच होते. फोनचा कॅमेरा सगळे चित्र एकदम टिपत नाही, एकेक ओळ करत वरून खाली येतो. तोवर गाडी पुढे गेलेली असते. म्हणजे त्या फोटोत वरून खाली नुसती उंची नाही, वेळही आहे. मी त्याला फोन उभा धरायला लावला. आता ओळी आडव्या दिशेने वाचल्या जातात, आणि खांब ताठ उभे राहिले. फिरत्या पंख्याची पाती फोटोत विळ्यासारखी वाकतात तीही याचमुळे.

दिवाळीत आम्ही दोघांनी आणखी एक केले. दिव्यांच्या माळेतला एकच दिवा उघडा ठेवला, बाकीचे कापडाखाली. फोनचा कॅमेरा एक दशांश सेकंद प्रकाश टिपत राहील असा लावला आणि फोन झटकन आडवा फिरवला. दिव्याची सलग रेघ आली नाही, तुकडे आले. मोजले : 10. आपली वीज सेकंदाला 50 फेऱ्या करते, प्रत्येक फेरीत दिवा दोनदा उजळतो, म्हणजे सेकंदाला 100 वेळा, आणि दशांश सेकंदात 10. दुसऱ्या माळेचे मात्र पाचच तुकडे. नातू म्हणाला आपण चुकलो. चुकलो नव्हतो. त्या माळेत फेरीचा अर्धा भाग दिवा विझलेलाच राहत होता. चाळीस वर्षे मी 50 हा आकडा कागदावर लिहिला, मीटरवर वाचला. डोळ्यांनी तो मोजलेला पहिल्यांदाच पाहिला.

सर असते तर त्यांनी आधी विचारले असते, आडवं काय? वेळ, सर.

शाळेत आता जे आहेत त्यांच्यासाठी : मागच्या अंगणातली काळी भिंत अजून आहे, मी गेल्या महिन्यात पाहून आलो. नळी आडवी बांधा. फोन धारेच्या बरोबर समोर धरा. पट्टी भिंतीला टेकवू नका, कुणालातरी धारेच्या रेषेत धरायला सांगा, तो भिजेल. माझा फोटो मी प्रयोगशाळेत देऊन ठेवतो आहे. त्याच्या मागे सरांच्या अक्षरात लिहिले आहे : ‘प्रमाण : 24 मिमी = 1 मी.’