ऑक्सिजन संपला की गोगलगाय काय करते?

सेल सिग्नलिंग, म्हणजे पेशींमधली निरोपांची देवाणघेवाण, म्हटलं की नुसते बाण, गोल आणि तीन-तीन अक्षरांची नावं, आणि उदाहरण काय तर एकतर कॅन्सर नाहीतर इन्शुलिन. मला विचाराल तर हा चॅप्टर लिटोरिना लिटोरियापासून सुरू करायला पाहिजे राव! म्हणजे कॉमन पेरीविंकल, अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर कातळाला चिकटून बसणारी छोटीशी गोगलगाय. मूळची युरोपची, 1840 च्या सुमारास कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या पिक्टूला दिसली आणि तिथून खाली अमेरिकेच्या किनाऱ्यावर पसरत गेली.

ओहोटीला खडक उघडा पडला की ही झाकण लावून आत बसू शकते, पण मग आतला ऑक्सिजन संपायला लागतो. तिकडच्या कडक हिवाळ्यात तर अंगातलं पाणीसुद्धा गोठतं. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, त्यामुळे पेशी फुटत नाहीत, पण रक्त वाहायचं थांबतं, म्हणजे फिरून ऑक्सिजनचीच बोंब.

आता ऑक्सिजन असला तर ग्लुकोजच्या एका रेणूतून 30 च्या आसपास एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) निघतात, नुसत्या ग्लायकोलिसिसवर, म्हणजे ऑक्सिजनशिवाय ग्लुकोज तोडण्यावर, फक्त 2. आपले स्नायू अशा वेळी ग्लुकोज भराभर उडवतात आणि लॅक्टिक अ‍ॅसिड करून ठेवतात, ही बाई मात्र खर्चच कमी करते. ओटावाच्या कार्लटन युनिव्हर्सिटीत केनेथ स्टोरी यांच्या लॅबने वर्षानुवर्षं हेच खोदून काढलंय. ग्लायकोलिसिसची शेवटची पायरी करणाऱ्या पायरुवेट कायनेज नावाच्या एन्झाइमवर एक फॉस्फेट चिकटतो आणि ते मंदावतं, बस. नवीन काही बनवायला नको, जे आहे तेच हळू करायचं, आणि ऑक्सिजन आला की फॉस्फेट काढून टाकायचा. बुसिकॉन व्हेल्क या दुसऱ्या समुद्री गोगलगायीत हे फॉस्फेट लावायचं काम प्रोटीन कायनेज जी नावाचा एन्झाइम करतो असं त्यांनी दाखवलं, आणि त्याला कामाला लावतो सीजीएमपी, पेशीच्या आत निरोप नेणारा एक छोटा रेणू.

पण मला खरं वेड लावलं ते फेरिटिन नावाच्या प्रोटीनने. पेरीविंकलमध्ये ऑक्सिजन गेला की प्रोटीन बनवणं एकूणच खूप घटतं, प्रोटीन बनवणाऱ्या रायबोसोमच्या माळा सुटतात, आणि अशा काटकसरीत फेरिटिनचा एमआरएनए (प्रोटीन बनवायची जनुकाची नक्कल) मात्र वाढतो आणि त्याचं प्रोटीनही बनत राहतं. का? फेरिटिन लोखंड धरून ठेवतं. मोकळं लोखंड आणि परत आलेला ऑक्सिजन एकत्र आले की फ्री रॅडिकल्स, म्हणजे दिसेल त्याला इजा करणारे रेणू, तयार होतात आणि पेशीची वाट लागते. म्हणजे ही तयारी चालू आहे ती ऑक्सिजन नसण्याची नाहीच, तो परत येईल तेव्हाची! आणि फेरिटिन वाढवायच्या सिग्नलमध्येही सीजीएमपीचाच हात दिसतो.