रायगडचा किनारा: आधी तिथी, मग गाडी

अलिबाग ते हरिहरेश्वर हा तीन दिवसांचा दौरा तृतीयेला सुरू केला, आणि तिथी मुद्दाम निवडलेली होती. अलिबागसमोर समुद्रात असलेला कुलाबा किल्ला पायी गाठणं आणि हरिहरेश्वरच्या मंदिरामागच्या डोंगराला समुद्रकाठाने घालायची प्रदक्षिणा, दोन्हींना ओहोटीच लागते.

हिशेब जुना आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी साडेआठला, पूर्ण ओहोटी. अष्टमीची ओहोटी भर दुपारी येते, म्हणून सोयीची वाटते. पण ती भांगाची, म्हणजे कमी चढ-उताराची. पाणी पुरतं उतरत नाही, वाट बुडालेलीच राहते. अमावास्या-पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस उधाणाचे, तेव्हा समुद्र खूप मागे जातो. ओहोटीच्या तासभर आधी निघा, नंतर तासाभरात परता. हा हिशेब थोडा मागेपुढे होतो, तेव्हा भरती-ओहोटीचं कोष्टकही जुळवून घ्या.

कुलाब्याची तटबंदी सावकाश पाहा. मोठे चिरे चुना न भरता नुसते रचलेत. लाटेचं पाणी फटींत शिरतं आणि माऱ्याचा जोर तिथेच मोडतो. काम १६८० मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सुरू झालं, संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर नेमकं उलटं: दगड झिजलाय, सांध्यांतला चुना मात्र तसाच उभा आहे!

रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. साळावच्या पुलाने कुंडलिकेची खाडी ओलांडली की कोर्लईचा किल्ला. दीपगृहामागच्या पायऱ्यांनी वर चढा. खाडीच्या तोंडाशी दोन्ही काठांवर किल्ले का, ते तिथून एका नजरेत कळतं. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबं आजही पोर्तुगीजमधून घडलेली स्वतःची बोली बोलतात.

मुरूडजवळच्या जंजिरा या जलदुर्गाला राजपुरीहून शिडाच्या होड्या जातात, पावसाळ्यात बंद. किल्ल्यात वेळ मोजकाच मिळतो, म्हणून आधी कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव गाठा. प्यायचं पाणी सोबत न्या.

आगरदांडा-दिघी फेरीबोटीत गाडी चढते आणि राजपुरी खाडीचा मोठा वळसा वाचतो.

हरिहरेश्वर तिसऱ्या दिवशी, पंचमीला, ओहोटी दहाच्या सुमारास. लाटांनी कापलेल्या सपाट खडकावरून, मधाच्या पोळ्यासारख्या भोकांच्या कातळाखालून वाट जाते. हिरवट शेवाळावर पाय टाकू नका, समुद्राकडे पाठ करून उभे राहू नका. पाणी वाटेला लागलेलं दिसलं तर प्रदक्षिणा अर्धवट सोडून आल्या वाटेने मागे फिरा.