दुपारी दोनचा शॉर्ट

मे महिन्यात भुसावळला काम असलं की मी सकाळी सातला सुरुवात करतो. अकरानंतर पत्र्याच्या खोलीत सोल्डरिंग आयर्न हातात धरवत नाही. त्या दिवशीचं काम माडीवरच्या एचओ लेआउटवर, म्हणजे एचओ मापाच्या छोट्या मॉडेल रेल्वेवर होतं. चार नव्या पॉइंटना (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे) ते हलवणारी मशीनं बसवायची होती आणि आधीच्या चौदांपैकी एका पॉइंटवरचा शॉर्ट शोधायचा होता. लेआउटचे मालक सिग्नल खात्यातून निवृत्त झालेले. नागपूर आणि खंडव्याच्या लाइनी जिथे फुटतात तो भुसावळचा भाग त्यांनी उभा केलाय. तक्रार एका वाक्यात सांगितली, "भाऊ, सकाळी बराबर चालते, अन् दुपारी दोनला शॉर्ट होऊ राह्यली. मशीनच गेलं वाटतं."

सकाळी शॉर्ट नव्हताच, म्हणून आधी नवी मशीनं घेतली.

मशीन सर्किट्रॉन कंपनीचं टॉर्टाइज, स्लो मोशन, म्हणजे पॉइंट सावकाश हलवणारं. याची मोटर टोकाला पोचली की तिथेच दाबून उभी राहते, करंट चालूच असतो, तरी जळत नाही. १२ व्होल्टवर अडलेल्या मोटरला जेमतेम १६ मिलिअँपिअर लागतात. अठरा मशीनं मिळून ३०० मिलिअँपिअरच्या आतच, त्यामुळे १२ व्होल्ट १ अँपिअरचा एक अडॅप्टर सगळ्यांना पुरून उरतो. दोन कॉइलच्या सोलेनॉइड मशीनचं उलट असतं. तिथे बटण क्षणभरच दाबायचं, दाबून धरलं की कॉइल जळते. हे दोन प्रकार एका पॅनलवर एकत्र ठेवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

पॉइंट पेको कंपनीचे. त्यांच्या थ्रो बारपाशी (ब्लेड सरकवणारी आडवी पट्टी) ब्लेडला, म्हणजे पॉइंटच्या सरकत्या टोकदार रुळाला, टक्कन एका बाजूला बसवणारी छोटी स्प्रिंग असते. स्लो मोशन मशीन लावताना ती काढायची, नाहीतर मशीन आणि स्प्रिंग एकमेकांशी भांडतात आणि ब्लेड मधेच उभं राहतं. इथे रूळ आधीच टाकलेले होते. म्हणून थ्रो बारच्या मधल्या भोकातून वरून २ मिमीचं बारीक भोक पाडलं, खुणेसाठी. मग खालून १० मिमीचं. वरून ब्लेडवर मास्किंग टेप लावून ठेवली, कारण प्लायचा भुसा ब्लेड आणि रुळाच्या मधे गेला की पुढे महिनाभर त्रास देतो.

मशीनची हालचाल थ्रो बारपर्यंत नेणारी जी तार सोबत येते, ती बारीक असते. १२ मिमी प्लाय आणि वर कॉर्क, एवढ्या उंचीतून ती वाकते आणि ब्लेड रुळाला घट्ट लागत नाही. मी तिच्या जागी ०.८ मिमीची पियानो वायर घालतो. तार बसवण्याआधी ९ व्होल्टची बॅटरी १ आणि ८ नंबरच्या टर्मिनलला लावून मशीन बरोबर मधे आणायचं आणि ब्लेडही मधे धरायचं. मशीन आधी दुहेरी फोम टेपने चिकटवायचं, तार दोन्ही बाजूंना सारखी जाते का बघायचं आणि मगच स्क्रू. स्क्रू १२ मिमीचेच. १९ मिमीचा एक स्क्रू प्लायमधून वर येऊन कॉर्कसकट रूळ उचलतो. फ्रेमच्या आडव्या लाकडाचीही आधी खात्री करावी, कारण मशीन बोर्डाखाली सव्वातीन इंच उतरतं.

वायर जोडायच्या त्या टेबलावरच, मशीन खाली लावण्याआधी. बोर्डाखाली आडवं पडून सोल्डर केलं की थेंब डोळ्यात येतो. आठही टर्मिनलना वीतभर लांब वायर जोडून ठेवायची आणि बोर्डाखाली कनेक्टर पट्टीत घट्ट करायची. १ आणि ८ मोटरचे. २, ३, ४ हा मशीनच्या आतला स्विच. ४ कॉमन, ते फ्रॉगला, म्हणजे पॉइंटवर दोन मार्गांचे रूळ जिथे छेदतात त्या तुकड्याला; मार्ग बदलला की त्याची पोलॅरिटी बदलावी लागते. २ आणि ३ दोन्ही रुळांच्या बसला (वीज पुरवणाऱ्या मुख्य वायरींना). ५, ६, ७ हा दुसरा स्विच, सिग्नलसाठी मोकळा ठेवला. पॅनलवर प्रत्येकी एक डीपीडीटी टॉगल, म्हणजे मोटरची वीज उलट-सुलट करणारा स्विच. मोटरच्या वायरीतच उलट-सुलट जोडलेले दोन एलईडी सिरीजमध्ये घातले, म्हणजे मार्ग कोणता लागलाय ते पॅनलवर दिसतं आणि वेगळा रेझिस्टर लागत नाही.

इथे बरेच जण गोंधळतात. टॉगल उलटं चालत असेल तर १ आणि ८ ची अदलाबदल करायची. फ्रॉगची पोलॅरिटी उलटी असेल तर २ आणि ३ ची. आतला स्विच मशीनच्या दांड्याच्या जागेवर बदलतो, मोटरला वीज कुठून आली याच्याशी त्याचा संबंध नाही. एक चूक दुसऱ्या जागी दुरुस्त करायला गेलं की अर्धा दिवस जातो.

मालकांनी प्रत्येक पॉइंट स्वतः तपासला. खऱ्या रेल्वेत ब्लेड आणि स्टॉक रेलच्या (बाजूच्या स्थिर रुळाच्या) मधे ५ मिमीचा तुकडा ठेवून पॉइंट लॉक होता कामा नये, अशी चाचणी असते. इथे त्यांनी साध्या कागदाची पट्टी मधे धरली. पट्टी सहज ओढून निघाली, तर तार अजून ताणायची. चारपैकी एका पॉइंटची परत ताणावी लागली.

पावणेदोनला नऊ नंबरच्या पॉइंटवर शॉर्ट आला. सरळ मार्गावर काही नाही, वळणाचा मार्ग लावला की बूस्टर (रुळांना वीज देणारं यंत्र) ट्रिप आणि सगळा लेआउट बंद. ४ नंबरची वायर काढली तर शॉर्ट गेला. हीच फसवणूक आहे. वायर काढल्यावर शॉर्ट जातो म्हणजे मशीनचा कॉन्टॅक्ट खराब, असं वाटतं. याच कारणावरून या पॉइंटचं मशीन एकदा बदलून झालं होतं.

मी वायर काढलेलीच ठेवली, वीज बंद केली आणि जोड असला की वाजणाऱ्या मीटरचा एक प्रोब फ्रॉगवर, दुसरा फ्रॉगच्या पुढे वीज तोडण्यासाठी कापलेल्या फटीपलीकडच्या सरळ रुळावर ठेवला. तिथे आवाज यायलाच नको. मीटर वाजला. फट बंद झाली होती, रूळ रुळाला टेकला होता. सरळ मार्गावर फ्रॉग आणि पलीकडचा रूळ एकाच पोलॅरिटीचे असतात, म्हणून काही होत नव्हतं. वळणावर मशीन आपलं काम चोख करत होतं, फ्रॉगची पोलॅरिटी बदलत होतं, आणि तिथेच शॉर्ट होत होता.

कारण खान्देशचं ऊन. निकेल सिल्व्हरचा रूळ अंशामागे मीटरला सुमारे ०.०१७ मिमी वाढतो. रूळ डिसेंबरात टाकलेले, खोली तेव्हा २० अंशांच्या आसपास. त्या दुपारी भिंतीवरचा थर्मामीटर ४३ दाखवत होता. फटीपलीकडे ९१४ मिमीच्या तीन पट्ट्या सलग सोल्डर केलेल्या, लांबचं टोक घट्ट अडकलेलं. पावणेतीन मीटर, २३ अंश, म्हणजे एक मिलिमीटरहून थोडी जास्त वाढ. फट होती अर्ध्या मिलिमीटरची. सकाळी रूळ आखडून ती परत उघडायची.

दुरुस्ती त्याच उन्हात केली, मुद्दाम. रूळ सर्वांत लांब असतानाच फट कापली तर पुढे ती फक्त रुंद होते. कटिंग डिस्कने एक मिमीच्या आत कापली, जुन्या एटीएम कार्डाचा तुकडा (तो ०.७६ मिमी जाड असतो) फेविक्विकने बसवला आणि रुळाच्या आकारात घासून घेतला. पण नुसतं बुजवून भागत नाही. वाढीला जागा लागते, नाहीतर रूळ बाजूला फुगतो. म्हणून तीन पट्ट्यांमधला एक जोड सोल्डर काढून सुटा केला, एक मिमी मोकळा ठेवला आणि दोन्ही बाजूंना ०.५ चौरस मिमीच्या फीडर वायर दिल्या. बाकीच्या सतरा पॉइंटच्या फटीही मीटरने तपासल्या. आणखी दोन जवळजवळ मिटल्या होत्या. त्यांनाही तेच केलं.

निघताना नऊ नंबरच्या फ्रॉगच्या वायरीत गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घालून ठेवला. शॉर्ट झाला तर बल्ब पेटतो, बूस्टर ट्रिप होत नाही आणि बाकीच्या गाड्या चालू राहतात. मालक म्हणाले, पाऊस पडेपर्यंत रोज दोन वाजता वळणाचा मार्ग लावून बल्ब बघणार.